चौथीतल्या मुलाचा ‘मिडब्रेन’ खरंच झोपलेला असतो का?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. चित्रं फार छान काढतो पण पाठांतर टिकत नाही, आज म्हणून दाखवलेली कविता उद्या विसरतो. बाई म्हणतात वर्गात मध्येच हरवतो, हाक मारली तरी काही सेकंद लक्षच नसतं. नणंदेच्या मुलीने वास्तुशांतीला सगळ्यांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधून पेपर वाचून दाखवला, नोटेवरचे नंबर सांगितले. ती ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदूचा मिडब्रेन नावाचा भाग जागा करून देतो म्हणणाऱ्या क्लासला गेली होती. आता ताईंच्या मिस्टरांनी मुलाचंही नाव घालायचं ठरवलंय, दोन दिवसांचं शिबिर आणि पुढचे रविवार धरून २२,००० रुपये. क्लासवाल्यांनी मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन रिपोर्ट दिलाय की तो ‘राईट ब्रेन’ आहे, डावा मेंदू कमी चालतो, मिडब्रेन झोपलेला आहे. सासऱ्यांना चार वर्षांपासून पार्किन्सन, म्हणजे हात थरथरण्याचा आजार आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनीही एकदा समजावताना ‘मिडब्रेन’ हाच शब्द वापरला होता. मग क्लासचा सासऱ्यांनाही उपयोग होईल का, असं ताईंनी विचारलं, तर तिथले सर हो म्हणाले. ताईंना हे काही पटत नाहीये, डोळे बांधल्यावर दिसेल कसं असं त्यांना वाटतं, पण “मी बारावी आर्ट्स, मला यातलं काय कळतं” म्हणून त्या घरात गप्प आहेत.

ताई,

पहिल्यांदा त्या बारावी आर्ट्सबद्दलच बोलू. डोळे बांधल्यावर दिसेल कसं, हा जो प्रश्न तुम्हाला पडला ना, तो अगदी बरोबर जागी पडलाय आणि तो पडायला डिग्री लागत नाही. मी बरीच वर्षं मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली, मेंदू हातात धरून मुलांना दाखवलाय, आणि मीही त्या वास्तुशांतीला असते तर मला हाच प्रश्न पडला असता.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक क्लासची, एक सासऱ्यांची आणि एक मुलगा वर्गात हरवतो ती. घरात सगळी चर्चा पहिलीवर चाललीये, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिसरीची वाटली. तिच्यापर्यंत येते, पण आधी मेंदू समोर मांडते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो. आम्ही शिकवायला जो वापरतो तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून घट्ट झालेला, पनीरसारखा. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, आणि शरीराची २० टक्के एनर्जी मात्र एकटा तोच वापरतो, आपण गाढ झोपलेलो असलो तरी. हे मुद्दाम सांगते कारण अशा क्लासमध्ये बरेचदा ऐकवतात की माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो. ताई, एवढं खाणारा अवयव शरीर रिकामा ठेवेल का हो? आणि ज्या घरात कोणाला पॅरालिसिसचा झटका आलाय त्यांना विचारा, मेंदूत एक छोटीशी गुठळी अडकते आणि कोणाचा हात जातो, कोणाचं बोलणं जातं, कोणाला अर्धं ताट दिसेनासं होतं. ९० टक्के मेंदू रिकामा असता तर बहुतेकांना असा झटका येऊन गेलेला कळलाही नसता.

वरून दिसतो तो सगळा घड्या घड्यांचा मोठा मेंदू, शाळेच्या पुस्तकात त्याला प्रमस्तिष्क म्हणतात. डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल, आणि प्रत्येकाचे चार भाग. कपाळामागचा भाग ठरवणं, आवरणं, थांबणं, पुढचा विचार करणं यासाठी, आणि तो पूर्ण पिकायला वयाची पंचविशी उजाडते, त्यामुळे नऊ वर्षांच्या पोराने धीर धरून एका जागी बसावं ही अपेक्षा आपणच जरा बेताने ठेवलेली बरी. त्याच्यामागे डोक्याच्या माथ्याजवळचा भाग स्पर्श आणि दिशा-जागेचं भान सांभाळतो. कानाजवळचा भाग ऐकणं आणि आठवणी. आणि दिसणं कुठे होतं माहितीये? पार मागे, डोक्याच्या मागच्या बाजूला! डोळे पुढे आणि बघण्याचं काम मागे. डोक्याला मागून जोरात मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ना, ते मागचा हा भाग हलल्यामुळेही चमकू शकतात, तिथे डोळ्यांचा काही संबंधच नसतो.

मोठ्या मेंदूच्या खाली मागच्या बाजूला छोटा मेंदू. कापला की आत फांद्या फुटलेल्या झाडासारखी नक्षी दिसते, दरवर्षी मुलं ती बघून थांबायची. तोल, हालचालीतला नेमकेपणा, सायकल, जिन्यावरून न बघता उतरणं, हे सगळं त्याच्या मदतीने. आकाराने लहान पण मेंदूतल्या अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६,९०० कोटी या एवढ्याशा भागात असतात.

आणि मग देठ. फ्लॉवरच्या गड्ड्याला देठ असतो ना तसा, साधारण अंगठ्याएवढा जाड, खाली तो मणक्यातल्या मज्जारज्जूला जोडलेला. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जागं असणं, सगळं या देठातून चालतं. या देठाचा सगळ्यात वरचा, जेमतेम दोन सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे तुमच्या घरात गाजतोय तो मिडब्रेन.

त्याला ‘मधला’ का म्हणतात ते ऐका. पोटातलं बाळ जेमतेम चार आठवड्यांचं असतं तेव्हा त्याचा मेंदू म्हणजे एक नळी असते आणि तिला तीन फुगवटे येतात, पुढचा, मधला, मागचा. पुढच्याचा वाढून वाढून मोठा मेंदू होतो, मागच्याचा छोटा मेंदू आणि देठाचा खालचा भाग होतो, आणि मधला तेवढा छोटाच राहतो, तो मिडब्रेन. डाव्या आणि उजव्या मेंदूच्या मध्ये असलेला, दोघांना जोडणारा पूल असा त्याचा अर्थ नाही. क्लासमध्ये नेमकं हेच सांगतात, की मिडब्रेन चालू झाला की डावा-उजवा एकत्र काम करतात. पूल खरंच आहे, पण तो वेगळा, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात, जवळपास २० कोटी तंतूंचा जाड पट्टा, मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा. तुमच्या मुलाचा पूल आत्ता हे पत्र वाचलं जातंय तेव्हाही चालू आहे.

मिडब्रेन झोपलेला आहे की जागा हे बघायचंय? घरी बघा, फुकट. मुलाला आरशासमोर उभं करा, दोन्ही हातांनी डोळे दहा-वीस सेकंद झाकायला सांगा आणि मग उजेडाकडे तोंड करून पटकन उघडायला लावा. बुबुळाच्या मधला काळा गोल आक्रसताना दिसेल, त्याला स्वतःला पण दिसेल आणि मजा वाटेल. हे काम मिडब्रेनचं. हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यांत डॉक्टर टॉर्च मारतात ते हेच बघायला. आवाज आला की मान तिकडे वळते, उडणाऱ्या पाखरामागे नजर धावते, त्यातही मिडब्रेनचा हात असतो. ज्याचा मिडब्रेन खरोखर ‘झोपलेला’ आहे तो माणूस आयसीयूत असतो ताई, चौथीच्या वर्गात चित्रं काढत नसतो.

आता तो रिपोर्ट, राईट ब्रेन वाला. या समजुतीच्या मुळाशी खरं संशोधन आहे म्हणून ती इतकी पसरली. रॉजर स्पेरी नावाच्या शास्त्रज्ञांनी, ज्यांच्या मेंदूतला तो पूल फिट्सच्या उपचारासाठी कापलेला होता अशा लोकांचा अभ्यास केला आणि दोन्ही अर्धगोलांची कामं कशी वेगळी आहेत ते दाखवलं, १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. बहुतेक लोकांची भाषा डाव्या बाजूला असते हे पण खरं आहे, डाव्या बाजूच्या झटक्यात म्हणूनच बोलणं जातं. पण यातून ‘हा माणूस उजव्या मेंदूचा, तो डाव्या मेंदूचा’ असं काही निघत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या लोकांनी एक हजाराहून जास्त जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले, कामं वाटलेली दिसली पण एखाद्या माणसाची अख्खी एक बाजू जास्त जोरात चालते असं दिसलं नाही. तुमचा मुलगा चित्र काढतो तेव्हा काय काढायचं ते ठरवतो, बघतो, हात हलवतो, रंगाचं नाव मनात घेतो, दोन्ही बाजू कामाला लागलेल्या असतात. आणि तो उजव्या हाताने काढत असेल तर तो हात चालवतो मेंदूचा डावा अर्धगोल, रिपोर्टप्रमाणे जो कमी चालतो तोच.

बोटांचे ठसे पोटात असतानाच तयार होतात, चौथा महिना संपता संपता ती नक्षी पक्की होते. कातडी आणि मेंदू गर्भातल्या एकाच थरातून बनतात हे खरं आहे, आणि या टेस्टवाले एवढंच खरं पुढे करतात. पण त्याच थरातून नखं आणि केसही येतात, म्हणून नखं बघून गणित येईल का हे सांगता येत नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, या ठशांच्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर म्हटलंय. तो रिपोर्ट मुलाच्या हाती पडू देऊ नका एवढं मात्र नक्की करा. नऊ वर्षांचं पोर ‘माझा डावा मेंदू कमी चालतो’ हे खरं धरून बसतं आणि गणिताच्या तासाला आधीच हार मानतं.

मग भाचीने वाचलं कसं? आपल्या नाकाचा उंचवटा आहे ना, त्यामुळे पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बारीक फट राहते. तिथून खाली बघितलं की हातातला कागद दिसतो. कर्नाटकातले नरेंद्र नायक, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे, गेली कित्येक वर्षं हेच जाहीरपणे दाखवत आलेत. मुलं कागद नाकाच्या रेषेत, थोडा खाली धरतात, मान किंचित वर करतात, एकदा कळलं की ते दिसायलाच लागतं. नजर जाईल अशी जागाच ठेवली नाही, वस्तू डोक्याच्या वर किंवा मागे धरली, की वाचणं थांबतं. आणि मला नेहमी वाटतं, हे जर खरं असतं तर हा क्लास सगळ्यात आधी अंधशाळेत सुरू झाला असता.

डोळ्यांशिवाय वाचणं खरोखर असतं बरं का. ब्रेल. १९९६ मध्ये एक फार सुंदर संशोधन आलं, लहानपणापासून दृष्टी नसलेले लोक बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा तो मागचा, बघण्याचा भाग कामाला लागतो असं त्यात दिसलं. डोळ्यांकडून काम येत नाही म्हणून मेंदूने ती जागा बोटांना देऊन टाकली. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा. मेंदूची खरी ताकद ही आहे, आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, शनिवार-रविवारच्या शिबिरात नाही.

आता घरात काय करायचं. तुमच्यासमोर मला तीन वाटा दिसतात. एक, जाऊ दे, २२ हजार गेले तर गेले, भांडण नको. दुसरी, सरळ विरोध, सगळ्यांसमोर भाचीची परीक्षा घ्यायची आणि सिद्ध करायचं. तिसरी, थोडं थांबायचं.

पहिली वाट मला पैशांमुळे नकोशी वाटत नाही, मुलामुळे वाटते. विचार करा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या पालकांसमोर पट्टी बांधतात, बाकीची मुलं वाचतायत, बाबा मोबाईलवर शूटिंग घेतायत, आणि याला फटीतून दिसतंय. तो काय करेल? ‘बाबा मला खालून दिसतंय’ म्हणेल की वाचेल? बहुतेक वाचेल. आणि त्या दिवसापासून आईबाबांना खूश ठेवण्यासाठी एक गुपित सांभाळत बसेल. पट्टीवर शंका घेतली तर शक्ती जाते असंही काही ठिकाणी पालकांना सांगतात, म्हणजे मोठ्यांनी विचारायचं नाही आणि मुलांनी सांगायचं नाही, अशी दोन्हीकडून वाट बंद.

दुसरी वाटही नको, त्यात भाचीचा बळी जाईल. ती खोटारडी नाहीये हो. तिने एवढंच केलं की सगळ्यांना जे हवं होतं ते दिलं, आणि कदाचित तिला स्वतःलाही नीट कळत नसेल की दिसतंय की ‘जाणवतंय’. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला भरल्या घरात उघडं पाडणं मला कुठल्याही कारणाने पटणार नाही.

म्हणून परीक्षा मोठ्यांची घ्या. रात्री मुलगा झोपला की मिस्टरांना म्हणा, चला आपण दोघं करून बघू. घरातली ओढणी घ्या किंवा नणंदेकडून तशीच पट्टी आणा, त्यांच्या डोळ्यांना बांधा आणि मोबाईलवरचा मेसेज छातीजवळ धरायला सांगा, मान थोडी वर, नजर खाली. पाच मिनिटांत ते स्वतः वाचतील. मग तुम्ही बांधून घ्या. यात कोणी जिंकत नाही, कोणाचं नाक कापलं जात नाही, आणि नवऱ्याला ‘तुम्ही फसलात’ असं बायकोच्या तोंडून ऐकावंही लागत नाही, त्यांचं त्यांनाच दिसतं. नणंदेला यातलं काही सांगायचं की नाही ते नंतर त्यांनाच ठरवू द्या, बहीण त्यांची आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, अशा शिबिरातून काही मुलं खरंच खुशीत परत येतात. दोन दिवस गाणी, नाच, खेळ, कोणी ओरडत नाही, सगळे टाळ्या वाजवतात, आईबाबा कौतुकाने बघतात. मुलाला ते हवंच असतं. ते घरी द्या, त्याला २२ हजार लागत नाहीत.

सासऱ्यांचं आता. त्यांच्या डॉक्टरांनी बरोबर शब्द वापरला होता, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते इथे, की त्या क्लासमध्ये हो म्हणाले. मिडब्रेन आडवा कापला की दोन्ही बाजूंना एक काळपट पट्टा दिसतो, काजळाच्या रेघेसारखा. त्याचं नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, अर्थच काळा पदार्थ. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि मोठ्या मेंदूच्या आतल्या खोल भागांना पुरवतात, त्यामुळे आपली हालचाल अडखळत नाही. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात, हाताचा कंप दिसायला लागतो तोवर साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. अशा माणसाचा मिडब्रेन कापून बघितला तर काजळ पुसल्यासारखं फिकट दिसतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. गेलेल्या पेशी गाण्याने, पट्टीने, मसाजने परत येत नाहीत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात नावाने ओळख आहेच, आणि आजही उपचार म्हणजे मुख्यतः ते कमी पडलेलं डोपामिन औषधाने भरून काढणं.

इथे तुम्ही खरंच खूप काही करू शकता. त्यांना लेवोडोपाची, म्हणजे हे डोपामिन भरून काढणारी गोळी असेल, बहुतेक असतेच, तर ती कशाबरोबर घेतात ते बघा. खूप घरांत सकाळची गोळी दुधाबरोबर किंवा जेवणात डाळ-उसळीबरोबर दिली जाते. प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेने आत शिरतात, त्यामुळे गोळी मागे पडते आणि मग ‘आज औषध लागूच पडलं नाही’ असं होतं. जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी नुसत्या पाण्याबरोबर चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, मळमळ होत असेल तर ते वेगळं सांगतील. गोळी आपल्या मनाने एकदम बंद कधीच करू नका. कोणी कुहिलीचं चूर्ण सुचवलं तर तेही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, कुहिलीच्या बियांत लेवोडोपाच असतं, दोन्हीकडून मिळून डोस जास्त होईल. चालताना दारापाशी पाय चिकटल्यासारखे होत असतील तर जमिनीवर पावलापावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, किंवा एक दोन, एक दोन असा ठेका द्या, टाळ वाजवा, भजनाच्या लयीत चालवा. आतला ठेका बिघडलेला असतो, बाहेरून दिला की पाय सुटतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरच्यांनीच चालवलेलं, त्यांच्याशी बोललात तर तुम्हाला एकटं वाटणार नाही.

आणि आता ती ओळ. ‘मध्येच हरवतो, हाक मारली तरी काही सेकंद लक्ष नसतं.’

लांबून निदान करता येत नाही आणि मी करतही नाहीये. नऊ वर्षांचं मूल कंटाळून खिडकीबाहेर बघत बसणं अगदी नॉर्मल आहे, चित्रं काढणारं तर जास्तच. पण एक प्रकार असतो, ॲब्सेन्स सीझर म्हणतात, फिटचाच प्रकार, यात मूल पडत नाही, हातपाय झटकत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कोणाला फिट वाटतच नाही. बोलता बोलता, लिहिता लिहिता अचानक थांबतं, नजर स्थिर होते, कधी पापण्या फडफडतात, पाच-दहा-पंधरा सेकंद, आणि मग जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू, मध्ये काही झालं हे त्याला माहीतच नसतं. दिवसात कितीतरी वेळा होऊ शकतं. मेंदूच्या आत मधोमध थॅलॅमस नावाचा भाग आहे, तो आणि मोठा मेंदू मिळून सेकंदाला साधारण ३ अशा ठेक्यात अडकतात आणि तेवढा वेळ बाहेरचं काही आत पोचत नाही. आता सांगा, बाई कविता शिकवतायत आणि मधल्या ओळी आत गेल्याच नाहीत, तर पाठ होणार कशा? हे साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांमध्येच सुरू होतं आणि अशा मुलांना वर्षानुवर्षं ‘लक्ष नाही, आळशी आहे’ म्हणून बोलणी बसतात.

ओळखायची साधी खूण अशी, तंद्री लागलेल्या मुलाला खांद्याला हात लावला, जवळ जाऊन नाव घेतलं की ते भानावर येतं. ॲब्सेन्समध्ये हात लावूनही येत नाही, ते आपल्या वेळेनेच संपतं. आणि तंद्री कंटाळ्यात लागते, ॲब्सेन्स मात्र खेळताना, जेवताना, आवडीचं चित्र काढतानासुद्धा होतं. बाईंना भेटून एवढंच विचारा, दिवसातून किती वेळा, किती सेकंद, हात लावल्यावर काय होतं. घरी दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांसाठी तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो व्हिडिओ मोलाचा. बालरोगतज्ज्ञ त्याला जोरजोरात श्वास घ्यायला लावून बघतील, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला सांगतील, त्यात सुई टोचायची नसते, दुखत नाही, डोक्याला तारा चिकटवतात फक्त. निघालं तर औषधाने चांगलं आटोक्यात येतं आणि बऱ्याच मुलांचं मोठेपणी थांबतं. तपासणी होईपर्यंत नदीवर, विहिरीवर एकटा पोहायला पाठवू नका, सायकल मोठ्या रस्त्यावर नको.

तसं काही नसेल तर उत्तम, मग डोळे आणि कान तपासा, कानात मळ साचून कमी ऐकू येणारी मुलं मी भरपूर बघितलीत. रक्तातलं हिमोग्लोबिन बघा. वाचताना अक्षरं उलटीपालटी होतात का, ओळ सुटते का ते शाळेत विचारा, कारण अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं, असेल तर त्याची रीतसर तपासणी होते आणि बोर्डाच्या सवलतीही आहेत. जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असेल तर आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणीची टीम येते, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी पुढची तपासणी मोफत होऊ शकते, मुख्याध्यापकांना विचारा.

पाठांतराबद्दल एवढंच. नवीन आठवण पक्की करायचं काम मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर असलेल्या हिप्पोकॅम्पसचं, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून ते नाव. अमेरिकेतल्या एका पेशंटचा दोन्ही बाजूंचा हा भाग १९५३ मध्ये फिट्ससाठी काढला, तर त्याला पुढे नवीन काही लक्षात राहीना, पण आरशात बघून चित्र गिरवायला तो शिकला आणि रोज सुधारत गेला, आणि शिकल्याची आठवण मात्र त्याला नव्हती. म्हणजे शब्दांची आठवण वेगळ्या वाटेने जाते आणि हाताची वेगळ्या. तुमचा मुलगा चित्रात हुशार आणि पाठांतरात कच्चा याचा अर्थ अर्धा मेंदू झोपलाय असं काही नाही. कवितेच्या प्रत्येक कडव्याचं त्याला चित्र काढू द्या, मग पुस्तक मिटून चित्राकडे बघत म्हणू द्या. दहादा वाचून घेण्यापेक्षा एकदा न बघता आठवायला लावलेलं जास्त टिकतं, चुकलं तरी चालेल. आज, उद्या, मग चार दिवसांनी, असं विचारा. आणि झोप, या वयाला ९ ते १२ तास लागते, आठवणी पक्क्या व्हायचं बरंचसं काम झोपेतच होतं. साडेअकराला झोपून सहाच्या गाडीला उठणाऱ्या मुलाला कुठलाच क्लास लागू पडणार नाही.

मिस्टरांना सांगताना क्लास नको असं सुरू करू नका. ‘आधी डॉक्टरांना दाखवू, ते काय म्हणतात बघू, मग क्लासचं ठरवू’ असं म्हणा, त्यांनाही मुलाचं भलंच हवंय. बाईंची भेट या आठवड्यात घ्या, व्हिडिओ मिळाला की थांबू नका, लगेच वेळ घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, मी वाट बघते. आणि सासऱ्यांची सकाळची गोळी दुधाबरोबर जातेय का ते उद्याच बघा.